पाडलेली इगर्ज, मागची शाळा आणि ती घंटा

खाडीकाठ

आमच्या गावातली जुनी इगर्ज, म्हणजे चर्च, पाडली. गाव मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधलं, खाडीच्या तोंडाशी. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा बुरुजाची कौलं उडाली, वासे उघडे पडले आणि पुढचे पावसाळे भिंती भिजत राहिल्या. यंदा चतुर्थीला घरी गेलो तर त्या जागी नवी कोरी, गुळगुळीत भिंतींची इमारत उभी. मागची शाळाही गेली, तिची आता तीन मजली इमारत झाली आहे. रस्त्यावर किती वेळ उभा होतो कोण जाणे. बायको म्हणाली, चला आता, गणपती खोळंबलेत.

मी हिंदू घरातला, पण पहिली ते सातवी त्याच शाळेत शिकलो. शाळा म्हणजे इगर्जीच्या पाठीला टेकवलेली लांब पडवी. चार वर्ग, मध्ये बांबूचे तट्टे. तिसरीत बसून चौथीचे पाढे आपसूक पाठ व्हायचे. इगर्जीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, शिंपल्यांची पातळ तावदानं होती. त्यांतून येणारा उजेड पेजेच्या निवळीसारखा पांढुरका. भर मेमधेही आत शिरलं की डोळे निवायचे.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती घंटा. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. तीन ठोके, थांबायचं, तीन, थांबायचं, तीन आणि मग सलग नऊ. आमच्या घरात घड्याळ होतं, पण आजीला ते वाचता येत नव्हतं. बाराची घंटा झाली की ती हाक मारायची, "गो, घाट वाजली, तांदूळ वैरलंस?" संध्याकाळच्या घंटेला देवाकडे दिवा लागायचा. देव आमचा, घंटा त्यांची. यात काही वेगळं आहे असं कुणाला कधी वाटलं नाही.

आता भोंग्यावर ध्वनिमुद्रित घंटा वाजते. जुनी कुठे आहे म्हणून विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली: विकली, गोव्याला गेली, माहीत नाही. कुणाला नक्की ठाऊक आहे का? आणि तुमच्याही गावात अशी एखादी इगर्ज, शाळा असेल तर त्याबद्दल लिहा.

शेवटचा_बाक

अहो, तुम्ही आमच्याच शाळेतले! शिंपल्यांच्या तावदानांवरूनच ओळखलं. मी तुमच्यामागे चार-पाच वर्षं असेन. पडवीसमोर सुरंगीची दोन झाडं होती, ती कशी विसरलात? फेब्रुवारी-मार्चमध्ये मुली पहाटे उजाडायच्या आत कळ्या काढायला यायच्या, फूल उमललं की मजा गेली. पहिल्या तासाला अख्ख्या वर्गाला तो वास. बाईंच्या अंबाड्यात वळेसार असायचा आणि बाई फळ्याकडे वळल्या की आम्ही नाकं वर करायचो.

खाडीकाठ

सुरंगी आठवते ना! पण एकच होती. विहिरीच्या बाजूची.

शेवटचा_बाक

दोन. पैजेवर सांगतो.

चिरेबंदी

मी स्थापत्य अभियंता आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुन्या घरांची कामं करतो. तुमची इगर्ज मी पाहिलेली नाही, पण अशा इमारती कशाने जातात ते लिहितो, कारण दोष नेहमी वादळाच्या माथी मारला जातो.

जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. वाऱ्यावर राहिला की कठीण होतो. पण तो असतो सच्छिद्र, पाणी पितो. जुन्या लोकांना हे माहीत होतं, म्हणून ते चुन्याचा गिलावा करत. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू, गुळाचं पाणी, सगळं बैलाच्या घाणीत दिवसचे दिवस मळलेलं. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीत शिरलेली ओल पुन्हा बाहेर पडते. पावसाळ्यात भिंत भिजते, उन्हाळ्यात सुकते, आणि दोन-तीनशे वर्षं हे चालतं.

मग कधीतरी कुणीतरी भक्तिभावाने वर्गणी काढून भिंतीला सिमेंटचा गिलावा करतं. दिसायला छान. पण आतली ओल आतच कोंडते. चिऱ्याचा आतून चिखल होतो आणि भिंतीत टेकलेली तुळयांची टोकं कुजतात. ओल्या लाकडाला वाळवी लागते. बाहेरून दहा वर्षं काही कळत नाही. वादळ येतं तेव्हा फक्त शेवटचा धक्का बसतो. मी उघडलेल्या पाच-सहा इमारतींत हेच पाहिलं. सागाच्या तुळईचा मधला भाग खणखणीत आणि भिंतीतलं टोक हाताने चुरता येईल असं.

दर्यागाज

मी त्याच इगर्जीचा आहे. बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, आईचा अंत्यविधी तिथे. हा धागा वाचून दोन दिवस गप्प होतो, पण लिहायलाच हवं.

खाडीकाठ, तुम्ही वर्षातून एकदा चतुर्थीला येता. आम्ही दर रविवारी तिथे बसत होतो. वादळानंतर वेदीच्या वर निळी ताडपत्री होती. जुलैमध्ये मीसा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना माझ्या म्हाताऱ्या मावशीच्या खांद्यावर गिलाव्याचं ढेकूळ पडलं. थोडक्यात वाचली. पुढच्या रविवारपासून आयांनी पोरांना पुढे बसवणं बंद केलं. दुरुस्तीचा अंदाज काढून घेतला होता, तो नव्या बांधकामापेक्षा जास्त निघाला, आणि चुन्याचं काम येणारा मेस्त्री पंचक्रोशीत एकही नाही. पैसे कुणाकडे मागायचे? रापणीवाल्यांकडे? मासळी मिळत नाही म्हणून निम्मी पोरं गोव्यात आणि आखातात.

पाडायच्या आदल्या रात्री आम्ही वीस-पंचवीस जण आत बसलो होतो. वीज तोडलेली होती, मेणबत्त्या लावल्या. म्हाताऱ्यांनी लदीन, म्हणजे जुनी लॅटिन प्रार्थना, म्हटली. सकाळी यंत्र आलं तेव्हा मी बघायला थांबलो नाही. ती पाडायची हौस आम्हांला होती असं कृपा करून कुणी म्हणू नका.

खाडीकाठ

दर्यागाज, मनापासून माफ करा. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी वर्षातून एकदा येणाराच आहे. मावशींचं मला माहीत नव्हतं. पाडायला नको होती असं म्हणायचा हक्क मला नाही. फक्त आमच्या घराला वेळ सांगणारी एक गोष्ट होती, तिचं काय झालं एवढंच विचारतोय.

कुपारी_पोर

वसईहून. आमच्याकडे म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. "देवळात जाऊन आलो" म्हटलं की बाहेरच्याला प्रश्न पडतो.

आमची पडलेली देवळं वेगळ्या कारणाने पडली. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी घेतली. किल्ल्यात डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट, सगळ्यांची चर्चं होती. आता बहुतेकांच्या भिंती उभ्या, डोक्यावर आभाळ. लहानपणी शाळेची सहल तिथेच. पुढे फुटबॉलही तिथेच. जपानात नागासाकीला १५९७ साली क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईचेच. त्यांच्या सणाला किल्ल्यात माणूस मावत नाही.

घंटांचं म्हणाल तर वसईच्या घंटा कुठे गेल्या ते आम्हांला पक्कं माहीत आहे. मराठ्यांच्या विजयानंतर त्या हिंदू देवळांना वाटल्या गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या मंदिरावर एक आहे, भीमाशंकरला एक, पालीच्या बल्लाळेश्वराला एक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागे घाटावर आहे तिच्यावर मेरीमातेची मूर्ती आणि १७०७ हे साल आहे. आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला तिथे नेलं होतं. तिने लुगड्याच्या पदराने मूर्तीवरची धूळ पुसली आणि म्हणाली, "बरी हाय." एवढंच. शेजारच्या काकूंनी हळद-कुंकू वाहिलं. दोघींनी एकमेकींना जागा करून दिली.

म्हणून म्हणतो, घंटा सहसा मरत नाही. पंचधातू कोण फेकून देणार? शोधा.

चिरेबंदी

दर्यागाज, तुमच्या लिहिण्याने मी वरमलो. "दुरुस्ती करता आली असती" असं सोपं उत्तर मला द्यायचं नव्हतं. चुन्याचे मेस्त्री नाहीत हे खरंच आहे, मला कामासाठी बाहेरून आणावे लागतात आणि जेवणखाण धरून ते कुठल्याच छोट्या गावाला परवडत नाही.

रेवदंड्याची_लेक

रेवदंड्याच्या किल्ल्यात आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्यांतून सातखणी मनोरा वर आलेला दिसतो, तो फ्रान्सिस्कनांच्या मठाचा. चौल-रेवदंडा १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं. आम्ही लहानपणी त्या पडक्या भिंतीआड चिंचा लपवून ठेवायचो.

खाडीपलीकडे कोर्लईला माझी वर्गमैत्रीण होती. ती घरी वेगळीच भाषा बोलायची. पोर्तुगीज आणि मराठीची मिसळण, बाहेरचे तिला क्रिस्ती म्हणतात, ते लोक "नौ लिंग" म्हणजे आपली भाषा. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. तिची आजी मला जेवायला वाढताना त्या भाषेत काहीतरी म्हणायची आणि मैत्रीण भाषांतर करायची, "अजून घे म्हणते." एकदा आजी खूप वेळ बोलली, तरी भाषांतर तेच.

शेवटचा_बाक

शब्दांवरून आठवलं. इगर्ज हा पोर्तुगीज शब्दच, इग्रेजा. पण चावी, बटाटा, पगार, मेस्त्री हेही तिकडचेच. म्हणजे मेस्त्रीला पगार देऊन चावी लावेपर्यंत आपण सगळे पोर्तुगीजच बोलतो.

पावसाळी

सगळे गोड आठवणी लिहिताहेत, मी थोडं कडू लिहिते. माझी शाळाही मिशनरींचीच, दुसऱ्या गावातली. फी थकली की प्रार्थनेनंतर नावं मोठ्याने वाचली जायची. माझं नाव दर महिन्याला असायचं. एका बाईंनी मला खडीवर गुडघे टेकून उभं केलं होतं, गुडघ्याचा डाग आजही आहे. बाबा तेव्हा आजारी होते आणि ते वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

आणि हेही लिहिते की त्याच शाळेतल्या एका सिस्टरनी वर्षभर माझ्या डब्यात रोज एक उकडलेलं अंडं ठेवलं. कधी ठेवायच्या ते मला कधी दिसलं नाही. बाकीच्या मुली डोकावायच्या म्हणून मी झाकणाआड खायची. पुढे कळलं की त्यांच्या स्वतःच्या न्याहारीतलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखालच्या. आमचीही इमारत आता नाही. मला तिची आठवण येते का ते मला सांगता येत नाही, पण त्या रस्त्याने गेले की मी चालायचा वेग कमी करते.

माहेरवाशीण

पावसाळीताई, तुमचा प्रतिसाद वाचून खूप वेळ बसून राहिले.

मी ख्रिस्ती, सावंतवाडीकडची. आमचे आजोबा शेतकरी, चौथी शिकलेले, पण लॅटिन लदीन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोंडपाठ. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते ६५ या काळात झाली आणि त्यानंतर उपासना आपल्या भाषेत आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. सगळ्यांना आनंद झाला. आजोबा म्हणाले, "आता देवाक माझा सगळा समजतला." आम्ही हसलो, पण त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं. लॅटिन त्यांना स्वतःला कळत नव्हती, म्हणून त्यांना वाटायचं की निदान आपल्या चुका तरी देवाच्या कानावर जात नसतील.

नाताळच्या आधी आम्ही करवंट्यांमध्ये माती घालून नाचणी पेरायचो. तीन आठवड्यांत हिरवीगार, ती गोठ्यात बाळ येशूच्या भोवती मांडायची. शेजारच्या वैनी नवरात्रात घटाभोवती धान्य रुजवायच्या, त्यांच्याकडूनच आईने पाणी किती शिंपडायचं ते शिकून घेतलं होतं. जास्त झालं की पिवळं पडतं.

खाडीकाठ, पणजीला पायऱ्यांचं चर्च आहे ना, तिथली मोठी घंटा मूळची जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीनची. तो मठ १८३५ मध्ये सोडून दिला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये बुरुजाचा अर्धा भाग पडला. घंटा मात्र १८७१ पासून पणजीत वाजते आहे. म्हणून "गोव्याला गेली" हे उत्तर अगदीच अशक्य नाही.

दर्यागाज

गोव्याला गेलेली नाही. विकलेलीही नाही. एवढं मी सांगू शकतो, मी समितीत होतो. उतरवली तेव्हा मी आजारी होतो. जिन्याखाली ठेवायचं ठरलं होतं. नंतर मी विचारलं नाही, हे मला विचारायला हवं होतं. उद्या जाऊन बघतो.

सुंभ

मी इथे फक्त वाचतो, आज खातं उघडलं. ती घंटा माझे बाबा वाजवायचे. चाळीसेक वर्षं.

बाराच्या ठोक्यांना उशीर झाला म्हणून खाडीकाठ यांच्या आजी एकदा खळ्यातून ओरडल्या होत्या, "बारा कधीच होवन गेले मरे, तुझी घाट खंय ऱ्हवली?" बाबा ती गोष्ट मरेपर्यंत सांगायचे. मला वाटतं त्या तुमच्याच आजी, खाडीकडच्या कोपऱ्यावरचं घर, पुढे रामफळाचं झाड.

दोर सुंभाचा असायचा, बाबा घरी वळायचे. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून कुजवायची, बडवायची, वळायची. नायलॉनचा आणला होता एकदा, तळहात कापला. घंटेचा दोर नुसता ओढायचा नसतो, ओढून सोडताना हाताने थोडा धरून ठेवावा लागतो, नाहीतर ठोका दुहेरी पडतो. माझे ठोके दुहेरी पडायचे, म्हणून फक्त बाराच्या वेळी, बाबा समुद्रावर असले तर, मला परवानगी. कुणी गेलं तर मात्र बाबाच. एक ठोका, मग तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. मी मोजायचो, किती वेळ गुंजते ते. हात घंटेच्या कडेला लावला तर कानाला काही ऐकू येत नसतानाही बोटांना कळायचं की अजून चालू आहे.

बाबा गेले तेव्हा बुरुज बंद केलेला होता. त्यांच्यासाठी घंटा वाजली नाही.

खाडीकाठ

रामफळाचं झाड आमचंच. आजी आमचीच.

आणखी काही लिहायला सुचत नाही. तुमच्या बाबांना मी रोज ऐकलंय आणि एकदाही पाहिलं नाही.

दर्यागाज

आत्ताच जाऊन आलो. आहे! जिन्याखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली, समोर खुर्च्या रचलेल्या. मी आणि दोन पोरांनी खुर्च्या हलवल्या. कडेला थोडा टवका गेलाय, पण तडा नाही. लोळी, म्हणजे आतला लोलक, निघालेली होती, ती बाजूलाच पोत्यात मिळाली. बोटाच्या पेराने वाजवली. सुंभ म्हणतो तसं हात लावून धरला.

नव्या बुरुजावर चढवता येणार नाही म्हणून तेव्हा बांधणाऱ्याने सांगितलं होतं. बुरुज बारीक आहे, पेलणार नाही.

चिरेबंदी

झुलणारी घंटा पेलणार नाही, बरोबर. घंटा झुलते तेव्हा वजनापेक्षा तिचा आडवा हिसका बुरुजाला त्रास देतो. पण ती झुलवायलाच हवी असं नाही. घंटा पक्की टांगायची आणि दोराने फक्त लोळी ओढायची, मग भार सरळ खाली जातो. त्यातही बुरुज नकोच, अंगणात चार खांबांवर लाकडी आडं टाकून टांगता येईल, वर छोटं छप्पर. नाताळच्या सुट्टीत मी त्या बाजूला आहे. येऊन माप घेतो. पैशांचा विषय काढू नका.

कुपारी_पोर

बघा, म्हटलं होतं!

सुंभ

आवाज बदलेल. झुलणारीचा आवाज जवळ-लांब होतो, टांगलेलीचा एकाच जागी राहतो. तरी चालेल.

बाबांनी वळलेला एक दोर घरी माळ्यावर आहे. जमिनीवरून वाजवायचा तर पुरेल. लोळीला चामड्याचा पट्टा लागतो, तो मात्र नवा करावा लागेल, जुना उंदरांनी खाल्ला असणार.

दर्यागाज

पुढच्या रविवारी मीसा झाल्यावर विषय मांडतो. विरोध होईल असं वाटत नाही, पण म्हाताऱ्यांना आधी विचारतो.

शेवटचा_बाक

दर्यागाज, तिथे आहातच तर एक गोष्ट बघून सांगाल का? सुरंगी किती होत्या?

दर्यागाज

दोन. विहिरीजवळची आहे आणि दुसरीही आहे. नव्या शाळेची भिंत तिच्यासाठी चार फूट आत घेतली, नकाशात नव्हतं, आम्ही गवंड्याला सांगून घेतली. त्यामुळे चौथीचा वर्ग थोडा तिरका झालाय.